आजीबद्दल लिहायचंय? आधी एवढं करा

दादा, आजीवर लिहायचं ठरवलंत ते फार चांगलं केलंत. पण लगेच वही घेऊन बसू नका, आधी तिच्या वयाची माणसं गाठा, बहीण, जाऊ, नणंद, शेजारीण, जी कोण हयात असेल ती, फोटो नि कागद नंतरही मिळतील.

बहुतेकजण "आजी कशी होती?" असं विचारतात आणि "लई मायाळू होती" एवढ्यावर गाडी थांबते. त्यापेक्षा बारीक विचारा, पाणी कुठनं आणायची, बाजाराला कुणाबरोबर जायची, रुसली की कुठं जाऊन बसायची.

तारखांसाठी मागं लागू नका. आपल्या साताऱ्याकडं खुणा आहेत की, स्वातंत्र्यलढ्यातलं पत्री सरकार, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ. भूकंपाच्या पहाटे घरातनं बाहेर पळताना आजीच्या कडेवर कोण होतं, एवढं कळलं तरी मुलांच्या वयाचा हिशोब लागतो.

जात्यावरच्या ओव्या कुणाला येत असतील तर मोबाईल चालू ठेवून गप्प बसा. नुसतं बसून आठवत नसेल तर हातात निवडायला तांदूळ द्या, हात चालला की ओवी येते.

आणि तिला देवी करू नका हो. तिचा राग, सासूशी धरलेला अबोला, तेही लिहा, तिच्याच बोलीत. वंशावळ, छपाई वगैरे सगळं नंतर बघू. रेकॉर्डिंग मात्र त्याच दिवशी घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा.