गावचं फुटबॉल पडद्यावर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझं हायस्कूल ओहायोतलं. शाळा सोडून पंचवीस वर्षं झाली, तरी शुक्रवारी रात्री आमच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा स्कोअर बघितल्याशिवाय झोप येत नाही. आता त्या टीमवर माहितीपट निघालाय आणि पुढच्या महिन्यात गावातच त्याचा खेळ आहे. भारतातून मुक्कामाला आलेले आईबाबाही येणार आहेत. त्यांना क्रिकेट सोडून काही ठाऊक नाही. त्यांना आधी काय सांगू, आणि मी स्वतः काय बघू?

उत्तर: आईबाबांना अख्खं नियमपुस्तक पाजू नका. एवढं सांगा: चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. जमलं तर नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक टीम चेंडू लाथेने लांब उडवून देतात आणि तसं न करता खेळायचं ठरवलं की स्टेडियम उभं राहतं. टचडाउनचे, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेण्याचे, 6 गुण. त्यानंतर 3 यार्डांच्या रेषेवरून किक मारली तर 1, पळत किंवा पास देऊन पोचलं तर 2. फील्ड गोलचे, म्हणजे चालू खेळात चेंडू लाथेने गोलपोस्टच्या खांबांमधून उडवण्याचे, 3. सेफ्टीचे, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच शेवटच्या पट्ट्यात अडवण्याचे, 2. क्वार्टर 12 मिनिटांचे, चार. घड्याळावर 48 मिनिटं भरतात, पण सामना सव्वादोन-अडीच तास चालतो. ओहायोत नियमित हंगामात दहा सामने असतात. ते सगळे माहितीपटाच्या दीड तासात बसवायचे म्हणजे काय काय गाळलं गेलं असेल, याची कल्पना त्यांना आपोआप येईल.

‘शाळेच्या खेळाला एवढं गाव कशाला लोटतं?’ असं बाबा विचारतीलच. त्यांना मॅसिलन आणि कँटन मॅकिन्ली या ओहायोतल्या दोन शाळांची लढत सांगा. 1894 पासूनची आहे. मॅसिलनला 1932 ते 1940 पॉल ब्राउन कोच होते. त्या काळात टीमने 80 सामने जिंकले, 8 हरले, 2 बरोबरीत सुटले. पुढे तेच क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक टीमचे पहिले कोच झाले आणि शाळेच्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे. त्या गावात जन्मलेल्या मुलग्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवायची प्रथा रुजली. आपल्याकडे बारशाला जे महत्त्व, तेच.

एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, बघणारं कुणी सोबत असेल तर त्यांना दोन फरक सांगून ठेवा, नाही तर अंधारात कुजबुज सुरू होईल. चेंडू घेतलेला मुलगा एकटाच घसरला आणि त्याचा गुडघा जमिनीला टेकला तर खेळ तिथेच थांबतो, कुणी त्याला हात लावलेला नसला तरी. आणि पास झेलताना एक पाय आत पडला की पुरतो, दोन लागत नाहीत.

आता तुम्ही. ओहायोत पाहुण्या टीमने पांढरी जर्सी घालायची आणि यजमानांनी गडद, असा नियम आहे. एकाच प्रसंगात तुमची मुलं एका शॉटमध्ये गडद आणि पुढच्यात पांढऱ्या जर्सीत दिसली, तर दोन सामने जोडलेत हे पक्कं समजा. स्कोअरबोर्डवरचे आकडे, आकाशातला उजेड, पँटवरचा चिखल हेही बघा. पहिल्या क्वार्टरला गुडघ्यावर वाळलेला चिखल असेल तर तो शॉट उशिराचा आहे. गोलपोस्टकडेही लक्ष असू द्या. हायस्कूलचे खांब 23 फूट 4 इंच अंतरावर असतात, कॉलेजचे 18 फूट 6 इंचांवर. खांबांमधलं अंतर कमी दिसलं तर तो सामना बहुधा कॉलेजच्या मैदानावरचा, म्हणजे प्लेऑफचा (नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीचा) असू शकतो. असं जोडकाम म्हणजे खोटेपणा असं लगेच धरू नका. सामन्यात ज्या क्षणी कॅमेरा दुसरीकडे होता तो क्षण संकलक कुठून आणणार? पण निकाल किंवा एखाद्या मुलाची चूक त्या जोडण्यातून बदलली असेल, तर ते बोलून दाखवण्यासारखं आहे.

आणखी एक करा. कॅमेरा चेंडूमागे धावतो, तुम्ही धावू नका. 50 ते 79 क्रमांकांच्या मुलांकडे बघा. सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. पाचही जण हंगामभर चेंडू क्वचितच हाताळतात आणि माहितीपटात त्यांची नावंही फारशी येत नाहीत. धावणाऱ्याला मोकळी वाट मिळाली ती कुणाच्या खांद्यामुळे, आणि शिट्टीनंतर पडलेल्याला हात देऊन कोण उठवतं, हे त्यांच्यात दिसतं. त्या टीमचा खरा स्वभाव आमच्या मते तिथे कळतो.

प्रश्न: माहितीपटाच्या दिग्दर्शिकेने गावकऱ्यांकडे जुनं चित्रण मागितलंय, पुढच्या आवृत्तीसाठी. आमच्या तळघरात व्हीएचएसच्या सात कॅसेट आणि जुन्या कोचकडून आलेली 16 मिलिमीटरची चार रिळं आहेत. प्रोजेक्टरही चालू आहे. रिळं एकदा लावून बघू का?

उत्तर: रिळं लावू नका. आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेटची फिल्म कुजायला लागली आहे. अशी फिल्म आक्रसते, तिच्या कडेची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि ती छिद्राछिद्राला फाटत जाते. वास नसला तरी धोका टळत नाही. कोच मंडळी सामने बहुतेक रिव्हर्सल फिल्मवर चित्रित करत. तिच्यावर थेट पॉझिटिव्हच उमटतं, निगेटिव्ह नसतेच. तुमच्या डब्यात आहे ती बहुधा जगातली एकमेव प्रत आहे. दाते नसलेल्या स्कॅनरवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतच ती द्या आणि ‘स्प्रॉकेटशिवाय स्कॅन करता का’ हे आधी स्पष्ट विचारा. आंबट वासाची रिळं बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या थंड जागी ठेवा. तळघर ओलसर असेल तर आजच वर आणा.

खर्चाचा अंदाज फुटांवरून काढता येतो. सेकंदाला 24 चित्रं या वेगाने मिनिटाला 36 फूट फिल्म जाते, म्हणजे 400 फुटी रीळ साधारण 11 मिनिटांचं. चेंडू हलला की कॅमेरा सुरू आणि शिट्टी झाली की बंद, अशी पद्धत असल्यामुळे अख्खा सामना दोन-तीन रिळांत मावतो. आवाज नसतो. तो हरवला म्हणून प्रयोगशाळेशी भांडू नका.

कॅसेटचं वेगळं. खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की बुरशी हेडवर बसते आणि मग पुढची प्रत्येक कॅसेट बिघडते. चांगल्या कॅसेटची रेकॉर्डिंगची कळ मोडून टाका, म्हणजे चुकून वरून काही छापलं जाणार नाही. पूर्ण पुढे नेऊन परत मागे गुंडाळा आणि मगच उतरवायला घ्या. टाइम बेस करेक्टर, म्हणजे टेपचं डळमळणारं चित्र स्थिर करणारी सोय, असलेलं यंत्र वापरा. स्वस्तातल्या यूएसबी डोंगलमध्ये टेप जरा डळमळली की चित्रं गळतात आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत समालोचकाचं ओरडणं आणि टचडाउन यांचा मेळ तुटतो. 720 बाय 480, सेकंदाला 29.97 फ्रेम, इंटरलेस्ड, जसं आहे तसं उतरवा. मोठं करणं, धारदार करणं, तळाची फाटकी पट्टी कापणं यातलं काही करू नका. ते काम संकलकाचं. तुम्ही एकदा केलं की त्याला मागे जाता येत नाही.

प्रत्येक फाइलसोबत वर्ष, प्रतिस्पर्धी, मैदान, स्कोअर आणि चित्रण कुणी केलं हे लिहा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. कॅसेट तुमच्या कपाटात आहे म्हणून चित्रण तुमचं होत नाही. शेजारच्या काकांनी कॅमेरा धरला असेल तर हक्क त्यांचा, आणि टीव्हीवरून रेकॉर्ड केलं असेल तर त्या वाहिनीचा. परवानगी लेखी द्या आणि ती ‘फक्त या चित्रपटापुरती, इतरांना देण्याचा माझा हक्क राखून’ अशी असू द्या. मूळ कॅसेट टपालाने पाठवू नका. फाइल द्या.

प्रश्न: माहितीपटाच्या झलकीत एक प्रसंग आहे. मुलगा डोकं धरून उठतो आणि ट्रेनर त्याचं हेल्मेट काढून घेऊन निघून जातो. मुलगा रडतो. इतकं कठोर का?

उत्तर: हेल्मेट हातात राहिलं तर तो परत मैदानात घुसेल, म्हणून. तो अपमान नाही, त्याच्या मेंदूची राखण आहे. वॉशिंग्टन राज्याने 2009 मध्ये याबाबत कायदा केला आणि 2014 पर्यंत पन्नासही राज्यांत कायदे झाले. मेंदूला धक्का बसल्याची चिन्हं दिसली की मुलगा लगेच बाहेर आणि आरोग्य व्यावसायिकाच्या परवानगीशिवाय परत नाही. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी तर नाहीच. परवानगीनंतरही पायरीपायरीने सराव वाढवायचा, प्रत्येक पायरीला निदान 24 तास. त्यामुळे पुढच्या शुक्रवारचा सामना बहुधा हुकतो. हा प्रसंग दिग्दर्शिकेने ठेवला याचं आम्हाला कौतुक वाटतं.

प्रश्न: माहितीपट संपल्यावर दिग्दर्शिकेशी प्रश्नोत्तरं आहेत. चांगला प्रश्न कसा विचारावा?

उत्तर: एकच, आणि तीस सेकंदांत. अशा वेळी बहुतेक लोक प्रश्न म्हणून स्वतःच्या खेळाच्या आठवणी सांगतात आणि मागच्या रांगेतल्या मुलाला माइक मिळतच नाही. हे विचारण्यासारखं आहे: किती तासांचं चित्रण होतं? कोणत्या कुटुंबाने नकार दिला आणि त्याने कथा बदलली का? अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची सही लागते. आणि 1974 च्या फेर्पा कायद्यामुळे पालकांच्या लेखी संमतीशिवाय शाळा मुलाचे गुण उघड करू शकत नाही. ‘नापास झाला तर खेळता येणार नाही’ असा प्रसंग असेल तर ती संमती कशी मिळाली, हे विचारलंत तर तिलाही बोलायला आवडेल.

बँडचं संगीत का कापलं, हे विचारताना जरा सांभाळून. हाफटाइमला वाजवलेली आजची गाणी पडद्यावर ठेवायची तर संगीत प्रकाशकाकडून परवाना घ्यावा लागतो. 1909 च्या ‘ऑन, विस्कॉन्सिन’सारखी चाल मात्र आता सर्वांसाठी खुली आहे. अनेक शाळांची स्फूर्तिगीतं अशाच जुन्या कॉलेजच्या चालींवर बांधलेली आहेत.

पडदा फोनने रेकॉर्ड करू नका, आपला मुलगा दिसला तरी. थिएटरमध्ये तसं करणं 2005 पासून संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रश्न: नेब्रास्कात नातेवाइकांकडे शाळेचा सामना बघितला. मैदानात सहा-सहाच मुलं! हे खरं फुटबॉलच का?

उत्तर: खरंच. 1934 मध्ये नेब्रास्कातल्याच हेब्रनमध्ये स्टीफन एप्लर यांनी छोट्या शाळांसाठी ते बसवलं. मैदान 80 बाय 40 यार्ड, नवे चार प्रयत्न मिळवायला 15 यार्ड, फील्ड गोलचे 4 गुण. टचडाउननंतर किकचे 2 आणि पळून किंवा पासने 1, म्हणजे अकराच्या खेळाच्या बरोबर उलट. सहाही जणांना पास झेलता येतो. हाफटाइमला किंवा त्यानंतर 45 गुणांची आघाडी झाली की सामना संपतो.

प्रश्न: आमच्या बूस्टर क्लबला (शाळेच्या टीमला मदत करणाऱ्या मंडळाला) हाच माहितीपट शाळेच्या जिममध्ये दाखवायचा आहे. डिस्क विकत घेतली आहे. बाकी काय लागेल?

उत्तर: डिस्क घरच्यासाठी असते. जिमसाठी सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना वेगळा घ्या, तिकीट नसलं तरी.

4 मीटर रुंदीचा पडदा पूर्ण अंधारात 1,600 ल्यूमेनमध्येही निभतो, पण जिममध्ये पूर्ण अंधार कधी होत नाही. 5,000 ल्यूमेनचा प्रोजेक्टर घ्या आणि वरच्या खिडक्यांना काळं कापड लावा. रात्रीचे सामने मुळातच काळपट असतात. उजेड आत आला की चेंडू दिसेनासा होतो. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (अंतर भागिले पडद्याची रुंदी) 1.5 असेल तर तो पडद्यापासून 6 मीटरवर ठेवावा लागेल. 15 मीटरहून लांब साधी एचडीएमआय केबल चित्र मध्येच घालवते. त्यापेक्षा लांब जायचं तर ऑप्टिकल घ्या.

सगळ्यात जास्त घोळ आवाजाचा होतो. फाइल 5.1 ची, म्हणजे सहा चॅनेलच्या आवाजाची असते, जिममध्ये स्पीकर दोनच. चुकीची जोडणी झाली तर गर्दी आणि बँड ऐकू येतात आणि कोच नुसते ओठ हलवतात, कारण बोलणं मधल्या चॅनेलवर असतं. प्लेअरमध्ये ‘स्टिरिओ डाउनमिक्स’ निवडा आणि आदल्या दिवशी कोच बोलतात तोच भाग लावून तपासा. लाकडी जमीन आणि उघड्या भिंतींमुळे शब्द घुमतात. आवाज वाढवला तर घुमणं वाढतं, शब्द कळत नाहीत. कुस्तीच्या मॅट भिंतीला उभ्या करा, स्पीकर प्रेक्षकांच्या जवळ आणा आणि सबटायटल चालू ठेवा. लॅपटॉपचा स्लीप मोड बंद करून चार्जर लावा, आणि पंधरा मिनिटं आधी कुणाला तरी शेवटच्या पायरीवर बसवून विचारा, पडद्याचा तळ दिसतोय का.