‘ते मॅडम बघतील’

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून मला घेतलं आहे. बायकांचं काही आलं की अध्यक्ष म्हणतात, ‘ते मॅडम बघतील.’ आता सदस्यांसाठी ‘संशोधन आणि लिंगभाव’ या विषयावर अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आहे. औषधांतलं मला कळत नाही. तिथे काय मागू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बाई, भाषणं नकोत म्हणून सांगा. कमिटीने आधीच मंजूर केलेला एखादा जुना प्रस्ताव, नावं खोडून, पुन्हा वाचायला मागा. मी अशी प्रशिक्षणं घेते, तेव्हा बहुतेक वेळ यातच जातो.

औषधांच्या बाजूचं एक उदाहरण डॉक्टर मंडळींपुढे जरूर ठेवा. झोल्पिडेम ही झोपेची गोळी. अमेरिकेत ती १९९२ पासून आहे. नेहमीच्या गोळीचा डोस आधी स्त्री-पुरुष दोघांना १० मिलिग्रॅम होता. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवतानाही गुंगी राहू शकते, म्हणून तिथल्या औषध प्रशासनाने बायकांचा डोस निम्मा करायला सांगितला, तो २०१३ मध्ये! तेव्हा ‘चाचणीत बायका किती?’ एवढ्यावर थांबू नका. त्यांचे निकाल वेगळे काढून पाहणार का, तेही विचारा.

संमतिपत्र मात्र तुमच्या हातचं. ते कुठे वाचून दाखवणार? सासू शेजारी बसलेली असताना पाळीबद्दल कोण खरं बोलेल? नवऱ्याने ‘हो’ म्हटलं म्हणजे बायकोची संमती झाली, असं होत नाही. चाचणीआधी गरोदरपणाची तपासणी असेल, तर अविवाहित मुलीचा रिपोर्ट कोणाच्या हाती पडणार? घरगुती हिंसेच्या अभ्यासात एका घरातल्या एकाच बाईशी बोलावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्येच सांगून ठेवलंय. घरात दुसऱ्या कोणाला विषय कळला, तर मार तिलाच बसतो.

आणि हे सगळं फक्त बायकांपुरतं नाही. क्षयरोगाच्या अभ्यासात रोजंदारीवरचा पुरुष सकाळच्या ओपीडीला येईल कसा? तृतीयपंथी व्यक्तीने फॉर्मवर कुठे खूण करायची?

आपल्याकडच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधचाचण्यांच्या कमिटीत निदान एक स्त्री लागतेच. ती आहे म्हणून बाकीच्यांनी पानं उलटायची नाहीत, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्या दिवशी संमतिपत्राचे प्रश्न अध्यक्षांनाच काढायला लावा. तुम्ही डोसाबद्दल विचारा.