पुस्तकातला नॉर्मन वेगळा का?

प्रश्न: हिचकॉकचा 'सायको' मी तीन-चारदा बघितलाय, परवा रॉबर्ट ब्लॉकची मूळ कादंबरी मिळाली तर त्यात नॉर्मन बेट्स चाळिशीचा, जाडा, चष्मेवाला आणि दारुडा! सिनेमात तर चांगला देखणा पोरगा आहे. डायरेक्टर लोक एवढे बदल का करतात, पुस्तक आहे तसं दाखवलं तर काय बिघडतं?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: सिनेमा बघायचा राहिला असेल त्यांनी इथेच थांबा, कारण शेवट सांगितल्याशिवाय उत्तर देता येत नाही: नॉर्मनची आई केव्हाच मेलेली असते, आणि तिच्या वेषात खून तोच करत असतो. 1959 च्या त्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात नॉर्मन आणि आईचं भांडण चालू असतं, आणि आपण त्याच्या डोक्यात बसून ते ऐकतो म्हणून आई खरीच वाटते. पडद्यावर तिथेच पंचाईत होते, कॅमेऱ्याला कोणीतरी दाखवावंच लागतं. मग हिचकॉकने आईचा आवाज आणि खिडकीतली सावली तेवढी ठेवली, आणि नॉर्मन तिला उचलून जिन्यावरून खाली नेतो तेव्हा कॅमेरा पार छताला नेऊन टांगला, चेहरा दिसायचा प्रश्नच नाही. मला तर तो शॉट बाथरूमच्या खुनापेक्षा भारी वाटतो.

आता देखणेपणाचं. सिनेमात जवळजवळ पाऊण तास आपण नायिका जॅनेट ली आणि तिने चोरलेल्या 40,000 डॉलरच्या मागे असतो, ती अचानक मेल्यावर प्रेक्षकाने जीव लावायचा कोणाला? पुस्तकातला नॉर्मन पटकथाकार जोसेफ स्टेफानोलाही आवडला नव्हता. नॉर्मनच्या भूमिकेत ॲन्थनी पर्किन्स आहे म्हणूनच तिची गाडी दलदलीत बुडता बुडता मध्येच थांबते तेव्हा आपला श्वास अडकतो, खुनाचा पुरावा एकदाचा बुडू दे असं आपल्यालाच वाटायला लागतं!

पण सगळेच बदल पटतात असं नाही हां. पॅट्रिशिया हायस्मिथच्या 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' कादंबरीत गाय हा सरळमार्गी माणूस ट्रेनमध्ये भेटलेल्या, 'तुझा खून मी करतो, माझा तू कर' म्हणणाऱ्या ब्रूनोच्या वडिलांना शेवटी खरंच मारतो, पुस्तकाचा जीवच त्यात आहे. 1951 च्या सिनेमात हिचकॉकने त्याला आर्किटेक्टचा टेनिसपटू केला ते ठीक, त्या मॅचचा थरार जबरदस्तच आहे, पण खून काही करू दिला नाही, आणि मला ते अजून खटकतं. तुम्ही ती कादंबरी मात्र सिनेमाच्या आधी वाचा.