स्लॉट मशीनवर ९६ टक्के आरटीपी लिहिलेलं असतं, म्हणजे १०० रुपयांतले ९६ परत मिळतात का? आणि मशीन कधी देणार हे आधी ओळखता येतं का?

नाही आणि नाही. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एवढीच. पण "मशीन कधी देणार" हे वाचल्यावर मला गप्प बसवत नाही, कारण याच मुद्द्यावरून आमचे साडभाऊ आणि मी, आमचं गेली कित्येक वर्षं वाजतंय.

आधी टक्केवारीचं उरकतो. आरटीपी म्हणजे 'रिटर्न टू प्लेयर', खेळणाऱ्यांना परत जाणारा हिस्सा. ९६ टक्के हा तुमच्या खिशातल्या पैशांचा हिशेब नसतो. मशिनीतून जेवढा पैसा फिरला त्याचा असतो, आणि तोही लाखो-कोटी फेऱ्यांची सरासरी. समजा ५०० रुपये घेऊन बसलात, ५ रुपयांची फेरी, मिनिटाला १० फेऱ्या. तासाभरात ६०० फेऱ्या होतात, म्हणजे ३००० रुपयांचा खेळ, कारण आलेले पैसे तुम्ही पुन्हा लावत असता. त्याचे ४ टक्के म्हणजे १२० रुपये. आणलेल्या पाचशेचा जवळजवळ चौथा हिस्सा तासात गेला, आणि मशीन तरी खोटं बोललेली नाही. प्रत्यक्षात एखाद्या दिवशी हजार घेऊन उठाल, एखाद्या दिवशी वीस मिनिटांत खिसा झटकून बाहेर याल. दोन मशिनींची टक्केवारी अगदी सारखी असूनही एक चिल्लर देत राहते आणि दुसरी बराच वेळ काहीच न देता एकदम घबाड देते, हेही होतं. टक्केवारीवरून ते कळत नाही.

आता मला हे कुठून ठाऊक ते सांगतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचा. तरुणपणी तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली होतो. बसस्टँडामागं एक व्हिडिओ गेम पार्लर होतं. दर्शनी भागात पोरांसाठी मोटारीच्या शर्यतीचे गेम, आणि पडद्याच्या आत चेरी, घंटा, बार फिरवणाऱ्या मशिनी. धानाचा चुकारा हाती आला की आमच्या साडभाऊंचा पहिला मुक्काम त्या पडद्याआड.

मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, तोंडावर पार्लरवाला युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून मशिनीतला सर्किट बोर्ड घेऊन दुकानात आला. पॉइंट चढत नाहीत अशी तक्रार. बोर्डावरची बॅटरी गळून हिरवा क्षार ट्रॅकवर पसरला होता. उस्तादांनी बॅटरी उपटली, मी पेट्रोलात बुडवलेल्या टूथब्रशनं घासत बसलो, मग खाल्लेल्या ट्रॅकवर बारीक तार टाकून डाग दिले. बोर्डाच्या कडेला छोट्या खटक्यांच्या पट्ट्या होत्या, एकेका पट्टीत आठ खटके. हे कशाचे म्हणून विचारलं तर त्यानं खिशातून घड्या पडून फाटायला आलेली झेरॉक्स काढली. त्यावर तक्ता छापलेला. तीन खटके मुख्य खेळाच्या टक्केवारीचे. तीन खटके वर-खाली करायचे आठच प्रकार होतात, तसे आठ आकडे ओळीनं होते: ४५, ५०, ५५ असं करत ८० पर्यंत. डबल करायच्या खेळाची टक्केवारी वेगळ्या खटक्यांवर. त्यानं उस्तादांचा घड्याळाचा पेचकस मागून घेतला, स्वतःच खटके फिरवले आणि म्हणाला, "सत्तरवर होती जी. मंडई येऊन राहिली, साठवर राहू द्या."

म्हणजे पाहुण्यारावळ्यांनी गाव भरणार, लोकांच्या हातात पैसा असणार, तेव्हा मशिनीनं हात आखडता घ्यायचा. साठवर हिशेब करून पाहा. ५ रुपयांच्या फेरीला सरासरी २ रुपये जातात. पाचशे रुपये २५० फेऱ्यांत, म्हणजे पंचवीस मिनिटांत साफ.

अमेरिकेत नेवाडाच्या नियमाप्रमाणे मशीन ७५ टक्क्यांच्या खाली ठेवता येत नाही, न्यू जर्सीत ८३ च्या. आपल्याकडे १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानं ती मशीनच बेकायदा, तर तिची टक्केवारी तपासायला कोण येणार? पोलीस आलेच तर मशीन उचलून नेतील, खटके कुठं आहेत ते पाहणार नाहीत.

त्याच रात्री साडभाऊंना सांगितलं, भाऊजी, तिला साठवर ठेवलंय. तर म्हणाले, "म्हणजे शंभरातले साठ देनं तिले भागच आहे ना? मंग दोन दिवस कोणाले दिलं नाही, तं तिसऱ्या दिवशी जो बसन त्याले देईनच."

ऐकायला बिनतोड वाटतं, म्हणून तर माणसं बुडतात. आजच्या कॅसिनोतल्या मशिनीत आकडे काढणारा प्रोग्राम कोणी खेळत नसतानाही चालूच असतो. तुम्ही बटण दाबलं त्या क्षणी जो आकडा निघाला तोच तुमचा निकाल, पुढची फिरती चक्रं नुसती करमणूक. काल तिनं कोणाला काय दिलं याच्याशी त्या आकड्याचं देणंघेणं नाही. सरासरी पुढच्या लाखो फेऱ्यांत मुरून जुळते. तुमचे बुडालेले पैसे भरून द्यायला ती बांधील नाही.

हे मी पुढं सासुरवाडीच्या एका लग्नात समजावू लागलो. पंगत बसलेली. साडभाऊ सगळ्यांदेखत म्हणाले, "हा बोर्ड घासनारा, याले खेळातलं का समजते?" सासरेसुद्धा हसले. मला वाढलेला वडाभात तसाच राहिला.

नंतर ते गोव्याला जाऊन मांडवीतल्या बोटीवर खेळून आले. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत अशा मशिनींना परवानगी मिळाली, बोटी त्यानंतरच्या. आल्यापासून एकच टेप: दोन सात लागले आणि तिसरा जिंकायच्या रेघेच्या बोटभर वर थांबला. "एवढ्यानं हुकलं गा!" भाऊजी, ते हुकलेलं नाही, हुकवलेलं आहे. जुन्या दांड्याच्या मशिनीत तीन चक्रांवर प्रत्येकी २२ घरं असली तर १०,६४८ जोड्या व्हायच्या आणि डोळ्याला दिसतं तोच हिशेब असायचा. १९८४ साली इंगे टेलनेस या संशोधकांना एक पेटंट मिळालं आणि गंमत बदलली. दिसणारी घरं २२ च, पण आत प्रोग्राममध्ये समजा ६४ घरांचं चक्र. त्यात सात एकाच घरावर. तीन सात लागायची शक्यता २,६२,१४४ मध्ये एक. वर सातच्या आजूबाजूच्या रिकाम्या घरांना आत भरपूर जागा दिल्या की सात सारखा रेघेच्या वर नाहीतर खाली थांबलेला दिसतो. बोटभर हुकणं आणि हातभर हुकणं यात मशिनीच्या लेखी फरक शून्य.

यापेक्षा आमची सट्टापट्टी, म्हणजे मटका, उघडीवाघडी. एका अंकाला एकास नऊ, अंक दहा, म्हणजे ९० टक्के परत. पार्लरच्या साठपेक्षा कितीतरी बरं. (अर्थात आकडा खरोखर चिठ्ठीतून निघत असेल तर. तो कोण काढतं ते आपण पाहायला जात नाही.) मंडईतली झेंडीमुंडी घ्या, सहा चिन्हांच्या फाशांचा खेळ. बहुतेक पटांवर सहा फाशांत तुमचं चिन्ह निदान दोनदा यावं लागतं, आणि ते चार डावांतून साधारण एकदाच जमतं. पण फासे निदान डोळ्यांसमोर पडतात. खेळा म्हणत नाही, तेही बेकायदाच.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. काही मशिनी आवक-जावक बघून देणं कमी-जास्त करतात. ब्रिटनमधल्या पबांतल्या काही मशिनींना तशी मुभा आहे, मात्र मागच्या खेळाचा परिणाम होऊ शकतो अशी सूचना त्यांना लावावी लागते. पार्लरमधला तो बोर्डही त्याच जातीचा असू शकेल. म्हणजे साडभाऊंचं म्हणणं शंभर टक्के चूक नव्हतं, नव्वद टक्के होतं. कारण आत किती साठलंय हे खुर्चीवरच्या माणसाला दिसत नाही, आणि दिसलं तरी साठच्या मशिनीची ऐंशी होत नाही.

गोव्याला जाणारच असाल तर लहान फेरी लावा, सावकाश खेळा, किती घालवायचे ते बोटीत चढण्याआधी ठरवा आणि एटीएम कार्ड खोलीवर ठेवा. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांबद्दल विचारत असाल तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं त्यांवर बंदी आली आहे. साडभाऊंच्या फोनमधलं ॲपही बंद झालं. त्यांचं म्हणणं, ते भरत आलं होतं, आठवडाभरात देणारच होतं, सरकारनं मधेच घोळ घातला.