चिमणीची गळती आणि पुण्यातली एफडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं १९५८ सालचं घर, विटांची चिमणी, जिन्यालगतच्या भिंतीवर पिवळट डाग. एक कंत्राटदार छपरापासून वरचं सगळं पाडून नव्याने बांधायचे १३,५०० डॉलर सांगतो, दुसरा वरून लेप मारायचे १,९००. बचत २०,००० आहे आणि महिन्याचा खर्च ५,०००. पुण्याच्या बँकेतली आठ महिने झालेली एनआरई (परदेशातल्या कमाईची) एफडी मोडावी, घरावर हेलॉक, म्हणजे घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज, घ्यावं, की तीन वर्षांनी घर विकायचंच आहे म्हणून तसंच ठेवावं?

आज तिन्हींपैकी काहीच करू नका, कारण पाणी कुठून येतंय हे दोघांपैकी एकानेही तुम्हाला सांगितलेलं नाही. ते कळल्याशिवाय १,९०० डॉलरसुद्धा वाया जाऊ शकतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत विटांवर पांढरा लोणा दिसतोय. म्हणजे पाणी विटांत मुरतंय आणि बाहेर पडताना क्षार सोडून जातंय. दोन-तीन विटांचे पापुद्रेही सुटलेत. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि विटेचा दर्शनी भाग त्या दाबाने उडतो. पण घरातला डाग छताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे माझा पहिला संशय फ्लॅशिंगवर, म्हणजे छप्पर आणि विटा जिथे मिळतात तिथल्या पत्र्याच्या पट्टीवर. दुसरा माथ्यावरच्या सिमेंटच्या थराला गेलेल्या तड्यांवर. तिसरी शक्यता सहसा कुणी विचारत नाही : मध्यंतरी तुम्ही घर तापवायची नवी हाय-एफिशियन्सी फर्नेस बसवलीत का? तिचा धूर प्लास्टिकच्या नळीने बाजूच्या भिंतीतून जातो आणि त्या मोठ्या चिमणीत एकटा वॉटर हीटर उरतो. त्याची थोडीशी वाफ थंड चिमणीत पाणी होऊन आतूनच पाझरते. तसं असेल तर उपाय आतल्या लायनरचा, म्हणजे चिमणीच्या आत बसवायच्या नळीचा, बाहेरच्या लेपाने काहीही होणार नाही.

म्हणून आधी काहीशे डॉलर खर्चून, दुरुस्तीचं काम न घेणाऱ्या माणसाकडून कॅमेऱ्याने लेव्हल २ तपासणी, म्हणजे चिमणी आतूनही बघणारी तपासणी, करून घ्या. लेखी अहवाल मागा.

लेपाबद्दल एक. चकचकीत थर धरणारा सीलर किंवा रंग मारू देऊ नका. आत गेलेलं पाणी त्यात कोंडतं आणि पुढच्या थंडीत आणखी विटा फुटतात. वाफ बाहेर जाऊ देणारा सिलॉक्सेनचा द्राव हवा, तोही विटांमधल्या दरजा भरून झाल्यावर. दरजांचा मसालाही विटेपेक्षा मऊ असावा.

तीन वर्षं थांबणं मला सगळ्यात महाग वाटतं. प्रत्येक हिवाळ्यात पाणी अनेकदा गोठतं, वितळतं. आज दरजा भरून भागेल ते उद्या पाडकामावर जाईल. शिवाय न्यू जर्सीत २०२४ पासून विकणाऱ्याला घराची अवस्था लेखी जाहीर करावी लागते, त्यामुळे हा डाग रंगाखाली लपवून चालणार नाही. इन्शुरन्सवरही विसंबू नका. हळूहळू झालेली झीज त्यात सहसा बसत नाही.

आता पैसे. एनआरई एफडी एक वर्षाच्या आत मोडली तर काहीच व्याज मिळत नाही, आणि चारच महिने राहिलेत. ती राहू द्या. अहवालात फ्लॅशिंग, माथा आणि दरजा एवढंच निघालं आणि अंदाज ५,००० च्या आत आला, तर बचतीतून करा. तीन महिन्यांची शिल्लक तरीही हाताशी राहते. छपरावरचं बांधकाम खरंच पाडावं लागणार असेल तर ५,००० बचतीतून, उरलेले हेलॉकमधून, आणि एफडी पिकली की हेलॉक फेडून टाका. हेलॉकच्या व्याजावर कर वाचेल असं धरून चालू नका. त्यासाठी घरात भरीव सुधारणा व्हावी लागते आणि वजावटी आयटमाइज कराव्या लागतात, म्हणजे एकेक करून दाखवाव्या लागतात; तुम्ही तर स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरलेली वजावट, घेता. पावत्या मात्र जपा.

काम कडाक्याच्या थंडीआधी व्हायला हवं, ओला मसाला गोठला तर टिकत नाही. कंत्राटदाराची राज्याकडची नोंदणी बघा, सगळं लेखी घ्या. सही केल्यावरही तीन कामकाजाच्या दिवसांत करार रद्द करता येतो. आणि पुण्याच्या बँकेला आजच मेल टाका : मुदत संपल्यावर एफडी आपोआप पुढे चालू करू नका म्हणून.