फोनवर नावाचं स्पेलिंग सांगितलं की समोरच्याला चुकीचं का ऐकू येतं? समोरासमोर असं होत नाही.

कारण फोनवर आवाजाचा वरचा, म्हणजे उंच नि तीक्ष्ण सुरांचा, भाग कापला जातो आणि ओठही दिसत नाहीत. साध्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) एवढाच पट्टा पलीकडे पोचतो. 'एस' आणि 'एफ' वेगळे ओळखू येतात ते त्यांच्या सळसळीमुळे, आणि ती बरीचशी या पट्ट्याच्या वर असते. 'एम' नि 'एन' तर कानाला मुळातच जवळचे. समोर असताना 'एम'ला मिटणारे ओठ दिसतात म्हणून निभावतं. त्यामुळे मोठ्याने बोलून उपयोग नाही, उलट आवाज फाटतो. अक्षराला शब्द जोडा: 'एम फॉर मदर'. आकडे सुटे सांगा: 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' घाईत सारखेच वाटतात, 'पाच नऊ' म्हटलं की शंका उरत नाही. आणि सगळं समोरच्याकडून परत म्हणवून घ्याच. नुसत्या 'हो हो'वर थांबू नका, न कळल्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसतो. एचडी व्हॉइस, म्हणजे जास्त स्पष्ट आवाजाच्या कॉलमध्ये पट्टा सुमारे ७००० हर्ट्‌झपर्यंत जातो, तिथे 'एस-एफ'चा घोळ बराच कमी होतो. मात्र दोन्ही फोन आणि मधलं नेटवर्क, सगळ्यांत ती सोय हवी. 'एम-एन' तरीही जपूनच सांगा.