डायलिसिसचं मशीन सारखं वाजतं, मध्येच बदलावं लागतं. मेंटेनन्स नीट होत नसेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं डायलिसिस नागपुरात एका सेंटरवर आठवड्यातून तीनदा होतं, चार तासांत मशीन पाच-सहा वेळा वाजतं, मे महिन्यात दोनदा मध्येच मशीन बदललं. मग मेंटेनन्स खरंच होतो की नुसतं स्टिकर चिकटवतात?

मी बायोमेडिकल इंजिनियर आहे, धंतोली-रामदासपेठ भागातल्या काही सेंटरची मशीनं बघतो. स्टिकरबद्दलची तुमची शंका अगदीच अनाठायी नाही, पण मशीन वाजलं म्हणजे बिघडलं असंही नाही.

बाबांनी हात दुमडला किंवा लाईन अंगाखाली दबली की व्हीनस प्रेशर (रक्त परत देणाऱ्या नळीतला दाब) वाढतं. सुई शिरेच्या आतल्या बाजूला टेकली की आर्टेरियल प्रेशर (रक्त ओढून घेणाऱ्या नळीतला दाब) खाली जातं. दोन्ही वेळा मशीन ब्लड पंप थांबवून ओरडतं, आणि ते तसं ओरडलंच पाहिजे. सिस्टर हात सरळ करतात, विषय संपतो. स्क्रीनवर कंडक्टिव्हिटी (द्रवात क्षार किती ते दाखवणारा आकडा), टेम्परेचर, फ्लो असं काही आलं, तर मात्र गाडी आमच्याकडे येते.

आता आतलं सांगतो. बाबांच्या मशीनमधून साधारण मिनिटाला ५०० मिली डायलिसेट, म्हणजे रक्त साफ करणारं क्षारांचं पाणी, वाहतं, म्हणजे चार तासांत १२० लिटर. आरओच्या पाण्यात पार्ट ए आणि पार्ट बी मिसळून मशीन ते जागेवरच तयार करतं. पार्ट ए मध्ये कॅल्शियम असतं, पार्ट बी म्हणजे बायकार्ब. दोघं एकत्र आले की पांढरा खार धरतो, बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉईलवर धरतो तसाच. तो व्हॉल्व्हमध्ये बसतो, हीटरवर बसतो, सेन्सरवर बसतो. म्हणून सायट्रिक ॲसिडची गरम धुलाई लागते. प्रथिनं-चरबीचा थर निघायला ब्लीच लागतं. ब्लड लीकचा खोटा अलार्म बऱ्याचदा त्या थरामुळेच येतो, कारण तो सेन्सर प्रकाशावर चालतो. पण ब्लीच नीट धुवून न काढता त्यावर ॲसिड घेतलं तर क्लोरीन वायू होतो, आणि ब्लीच आत राहून गेलं तर रबर खातं.

तिसरी शिफ्ट रात्री उशिरा संपते. टेक्निशियनला घरी जायचं असतं, त्याची शेवटची बस गेलेली असते. धुलाई तिथे आखडते. माझ्या मते मशीनचं आयुष्य कंपनीच्या वार्षिक भेटीपेक्षा या अर्ध्या-पाऊण तासावर जास्त ठरतं.

एक मशीन मला चांगलंच शिकवून गेलं. रोज तिसऱ्या-चौथ्या तासाला कंडक्टिव्हिटी लो. पहिले दोन तास एकदम ठीक, १४ च्या आसपास, मग घसरत घसरत १३ च्या खाली. टेक्निशियनचा फोन, "सर, तेच येऊन राहिलं पुन्हा." मी नवखा होतो. वाटलं, सेन्सर सरकला असेल, कॅलिब्रेशनमध्ये आकडा जुळवून टाकू. माझे सिनियर म्हणाले, "थांब ना बे, आधी बाहेरचा मीटर लाव." लावला, तर त्यावरही तेवढंच कमी. म्हणजे मशीन खरं बोलत होतं, डायलिसेटच पातळ होतं. मी आकडा जुळवला असता तर स्क्रीनवर १४ दिसलं असतं आणि पेशंटला कमी सोडियम गेलं असतं. शेवटी सापडली पार्ट बीच्या कॅनमध्ये घालायच्या नळीच्या कनेक्टरमधली ओ-रिंग. बायकार्बचे खडे साठून तिला बारीक चीर पडली होती. कॅन भरलेला असेपर्यंत काही कळायचं नाही. पातळी खाली गेली की नळीला जोर लावून ओढावं लागायचं आणि त्या चिरेतून हवा शिरायची. शेंगदाण्याएवढं रबर!

मे महिन्यात मशीन बदललं, याचं कारण मी न बघताही अंदाजानं सांगू शकतो. डायलिसिस मशीनमध्ये हीटर असतो, थंड करायची सोय सहसा नसते. डायलिसेट ३६-३७ अंशांना द्यायचं असतं, म्हणून येणारं पाणी त्यापेक्षा बरंच थंड असावं असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे बाहेर ४५ अंश, टाकी गच्चीवर, पाईप उघडे. नवतप्यात दुपारच्या शिफ्टला ते पाणी हाताला चटका देतं. मग टेम्परेचर हाय. मशीन डायलिसेट डायलायझरला (रक्त गाळणाऱ्या नळकांड्याला) न देता बायपास करतं, आणि ते बरोबरच आहे, कारण फार गरम डायलिसेटनं रक्तपेशी फुटतात. मीही एका उन्हाळ्यात दोन टेम्परेचर सेन्सर बदलून पैसे वाया घालवले, मग गच्चीवर जाऊन टाकीला हात लावला. टाकीवर शेड, पाईपला इन्सुलेशन, जमलं तर चिलर, हाच उपाय. शिवाय गरम पाण्यात आरओच्या मेंब्रेनमधून क्षारही जास्त निसटतात.

वार्षिक पीएममध्ये, म्हणजे ठरलेल्या देखभालीत, ओ-रिंग, डायफ्राम, फिल्टर यांचं किट बदलतात, प्रेशर, तापमान, कंडक्टिव्हिटी, यूएफ (अंगातलं जादा पाणी काढणं) बाहेरच्या मीटरनं तपासतात, ब्लड पंपचे रोलर बघतात. तीन शिफ्ट धरल्या तर महिन्याचे २६ दिवस बारा-बारा तास, म्हणजे वर्षाला ३,७०० हून जास्त तास मशीन चालतं. बॅटरी मात्र बऱ्याच ठिकाणी कुणी तपासत नाही. लाईट गेली की तीच ब्लड पंप थोडा वेळ चालवते, आणि आपल्या उकाड्यात लेड-ॲसिड बॅटरी लवकर मरते. ती मेली तर हॅंडलनं पंप हातानं फिरवून रक्त परत द्यावं लागतं. तेव्हा हवेचा अलार्मही बंद असतो, बुडबुड्यांवर डोळा ठेवावा लागतो.

सेंटरचा देखभालीचा करार एएमसी आहे की सीएमसी, यातला फरकही कळू द्या. सीएमसीत पार्टही धरलेले असतात; एएमसीत बहुधा फक्त मजुरी असते, पार्टचे पैसे वेगळे. मग त्या पैशांची मंजुरी येईपर्यंत मशीन कोपऱ्यात उभं राहतं आणि त्याचेच पार्ट काढून बाकीची चालवली जातात. असं एक कोपऱ्यातलं मशीन बहुतेक सेंटरमध्ये सापडेल.

तुम्ही काय करू शकता? टेक्निशियनला, डॉक्टरांना नव्हे, आरामात विचारा: या मशीनचं पीएम कधी झालं, आरओच्या पाण्याचं क्लोरीन शिफ्टच्या आधी तपासता का, पाण्याचं कल्चर (जंतूंची तपासणी) शेवटचं कधी पाठवलं? वही असेल तिथे लगेच दाखवतात. आणि घरी एक कागद ठेवा: मशीनचा नंबर, अंगातलं किती लिटर पाणी काढायचं ठरलं होतं, आधीचं वजन, नंतरचं वजन. मध्ये प्यायलेला चहा आणि दिलेलं सलाईन धरून हिशोब लावा. एखाद्या दिवशी चुकलं तर सोडून द्या, वजनकाटा असतो, चप्पल असते. पण एकाच नंबरच्या मशीनवर तीन-चार वेळा अर्ध्या किलोचा फरक आला, तर तो कागद टेक्निशियनच्या हातात द्या आणि यूएफ तपासायला सांगा. बॅलन्स चेंबरचा (आत जाणारं आणि बाहेर येणारं डायलिसेट सारखं ठेवणाऱ्या कप्प्याचा) व्हॉल्व्ह गळत असेल तर सुरुवातीला अलार्म येईलच असं नाही.